रोज रात्री सिस्टर विचारतात, ‘जेवलीस का?’

पत्र थोडक्यात : वाचक अठरा वर्षांची, नाशिकरोडची. दहावीपर्यंत मराठी माध्यम. वडील प्रेसमध्ये नोकरीला. यंदापासून बंगळुरूच्या एका कॅथलिक विद्यापीठात मानसशास्त्र शिकते आणि सिस्टरांनी चालवलेल्या वसतिगृहात राहते. पहिलं सत्र संपवून नाताळच्या सुट्टीत घरी आली आहे आणि आता पाय निघत नाही. तक्रारी बऱ्याच आहेत. आजीच्या वर्षश्राद्धाला आली तर हजेरी घसरली आणि मेंटॉरने बोलावून घेतलं. गळ्यात सतत आयकार्ड, कपड्यांचे नियम, साडेसातला बंद होणारं दार. कार्यक्रमाआधी प्रार्थना, आठवड्यातून एकदा मूल्यशिक्षणाचा सक्तीचा तास. मेसचा जाडा लाल भात. दिवाळीला सुट्टी मोजून दोन दिवस, ओणमला मात्र अख्खा कॅम्पस पांढऱ्या-सोनेरी साड्यांत. वर्गात बोलायचं म्हटलं की इंग्रजी अडतं. मावशी म्हणते, ‘पोरीला बाटवतील.’ वडील म्हणतात, ‘शिस्त आहे म्हणूनच पाठवलं.’ तिचा प्रश्न असा : ती जागा माझ्यासारखीसाठी नाहीच का? परत येऊन नाशिकच्याच कॉलेजात नाव घालू का? आणि पत्राच्या तळाशी, सहीनंतर : ‘सिस्टर रोज रात्री विचारतात, जेवलीस का. त्याचाही मला राग येतो.’

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल होती आणि प्रत्येक तक्रारीपुढे समासात लिहीत गेले, ही नेमकी कोणाबद्दल? तू या सगळ्यांची एक मोट बांधून तिच्यावर ‘कॅथलिक’ अशी चिठ्ठी डकवली आहेस. पेन्सिल काही ते मानेना.

भातापासून सुरू करू, कारण त्याला तू अख्खं पान दिलं आहेस. खोबरेलाच्या वासाच्या भाजीबरोबर येणारा तो जाडा लालसर भात केरळचा आहे, त्यात पोपसाहेबांचा हात नाही. बंगळुरूतल्या बऱ्याच कॅथलिक संस्थांची मुळं केरळात आहेत. फादर-सिस्टर तिकडचे, म्हटल्यावर स्वयंपाकघरावरही तीच छाप. हरेगावच्या मतमाऊलीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, यात्रेला जाणाऱ्या नगर जिल्ह्यातल्या एखाद्या कॅथलिक घरी जेवायला गेलीस, तर तुझ्या ताटात भाकरी पडेल. म्हणजे तुला जे परकं वाटतंय त्यातलं बरंचसं मल्याळी आहे, आणि मल्याळी माणसाशी जुळवून घेणं ही अगदी वेगळी, त्यामानाने सोपी गोष्ट आहे.

ओणमचंच बघ. तुला वाटलं, आपली दिवाळी यांनी दोन दिवसांत गुंडाळली आणि स्वतःचा सण थाटात केला. पण ओणम कोणाचा? महाबलीचा. वर्षातून एकदा आपल्या प्रजेला भेटायला येणाऱ्या बळीराजाचा. आपल्याकडे बलिप्रतिपदेला ओवाळताना ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणतात, तोच बळी. केरळात हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळे त्याच्यासाठी फुलांची रांगोळी घालतात. तू त्या दिवशी खोलीत दार लावून बसलीस असं लिहिलं आहेस. दाराबाहेर तुझ्या पाडव्याचाच पाहुणा आला होता, एवढं फक्त सांगते. दिवाळीच्या सुट्टीची तक्रार मात्र खरी आहे. ती मी खोडली नाही.

हजेरी, आयकार्ड आणि कपडे. या तिघांपुढे मी ‘खासगी विद्यापीठ’ असं लिहिलं. पुणे विद्यापीठाच्या नाशिकमधल्या कॉलेजांतही कागदावर ७५ टक्के हजेरी लागतेच. ती खरंच मोजायची की परीक्षेच्या तोंडावर हमीपत्र लिहून घ्यायचं, हा ज्या-त्या कॉलेजचा मामला. खासगी आणि अभिमत विद्यापीठं ती मशीनवर मोजतात, मग चालवणारे फादर असोत की साखर कारखानदार. आजीच्या वर्षश्राद्धाला तू आलीस हे योग्यच केलंस. चूक एवढीच झाली की आधी अर्ज दिला नाहीस. तिथल्या मेंटॉरला ‘वर्षश्राद्ध’ म्हणजे काय हे ठाऊक असेल असं तू धरून चाललीस. मृत्यूला वर्ष झालं की घरचे सगळे जमून विधी करतात, हे दोन ओळींत आधी लिहून दिलं असतंस, तर समजण्याची शक्यता बरीच होती. गेलेल्या माणसासाठी वर्षाच्या दिवशी प्रार्थना करण्याची रीत त्यांच्याकडेही आहे.

आता खरोखर धर्माचं म्हणावं असं काय उरलं? प्रार्थना आणि मूल्यशिक्षण. इथे मी जरा थांबणार आहे, कारण हा प्रश्न मला बऱ्याच जणांकडून येतो आणि उत्तर घटनेतच आहे. कलम ३० ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. तिथे क्रूस असणार, चॅपेल असणार, समारंभ प्रार्थनेने सुरू होणार, यात लपवाछपवी काही नाही. पण कलम २८(३) असं सांगतं की सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्याला त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला भाग पाडता येत नाही. विद्यार्थी अठरा वर्षांखालचा असेल तर संमती पालकाची लागते. तू अठरा पूर्ण केली आहेस, तेव्हा ती संमती तुझी. बाबांचीही नाही आणि मावशीची तर नाहीच.

व्यवहारात याचा अर्थ असा. मिस्साला, म्हणजे त्यांच्या सामूहिक उपासनेला, जायला तुला कोणी भाग पाडू शकत नाही. समारंभाच्या सुरुवातीच्या प्रार्थनेला तू शांत उभी राहिलीस, डोळे उघडे ठेवलेस, हात जोडले नाहीस, तरी कोणाचा अपमान होत नाही. ‘मी ढोंग करतेय असं वाटलं’ हे तुझं वाक्य मला समजलं. पण दुसऱ्याच्या देवासमोर अदबीने उभं राहणं ढोंग कसं? तुझ्या शाळेत गॅदरिंगला सरस्वतीपूजन व्हायचं ना? तेव्हा वर्गात एखादा ख्रिस्ती किंवा मुसलमान मुलगा असेलच, नाशिकरोडची शाळा आहे. तो काय करायचा, हे तुला आठवतं का? मला माझ्या वर्गातला आठवतो. तो फळ्याजवळ उभा राहायचा आणि प्रसादाचे फुटाणे मात्र सगळ्यांच्या आधी घ्यायचा. त्याला आत काय वाटतं, हे आम्ही कोणी कधी विचारलं नाही. त्या मुलाच्या जागी तू आता सहा महिने उभी आहेस. नाशिकच्या कॉलेजात हा अनुभव तुला कोणी दिला नसता. मानसशास्त्र शिकणारीला तो फुकट मिळाला आहे असं मी म्हणेन, तू चिडलीस तरी.

मूल्यशिक्षणाच्या तासाला काय शिकवतात हे तू लिहिलंच नाहीस, फक्त तो असतो म्हणून लिहिलंस. अभ्यासक्रम काढून वाच. सचोटी, पर्यावरण, नागरिकत्व असं असेल तर बस आणि झोप येऊ देऊ नकोस. बायबलचा पाठ असेल तर पर्यायी तास मागायचा तुला अधिकार आहे. तो लेखी माग, आवाज चढवायचं कारण नाही.

मावशीचं काय करायचं? मावशी नाशिकरोडचीच असेल तर फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेत तिने कधीतरी मेणबत्ती लावलेली निघायची. तिथे नवस बोलणाऱ्यांत ख्रिस्ती किती आणि आपले किती, हे रांगेत उभं राहून बघावं. तिला हेही सांग की २०२० साली उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फ्रान्सिस दिब्रिटो हे कॅथलिक धर्मगुरू होते. तेव्हाही काहींनी नाकं मुरडली होती. आणि साधं गणित : २०११ च्या जनगणनेत देशात ख्रिस्ती २.३ टक्के. हजारो विद्यार्थ्यांची विद्यापीठं त्यांच्याने भरत नाहीत. बहुतेक कॅथलिक कॉलेजांत बाकांवर बहुसंख्य इतरच असतात. तरीही कोणी प्रार्थनागटात ये म्हणून सारखं मागे लागलं, तर एकदा ‘नको’ म्हण. दुसऱ्यांदा विचारलं तर मेंटॉरला मेल कर. भीती मनात मोठी करत बसण्यापेक्षा हे सोपं.

आता तू सर्वात कमी जागा दिलेली गोष्ट. भाताला एक पान, दाराला अर्धं, इंग्रजीला दीड ओळ. ‘वर्गात बोलायचं म्हटलं की शब्द येत नाहीत, मग जेवायलाही एकटीच जाते.’ इतक्या वर्षांच्या पत्रांतून मी शिकले ते एवढंच, की माणूस जिथे घाईने पुढे सरकतो तिथे ठेच असते. वर्गात गप्प राहिलेली मुलगी मेसमध्ये कोणाच्या टेबलावर बसणार? आणि एकटीला कुठलाही भात जाडच लागतो.

हे दुखणं मराठी माध्यमाच्या मुलांना सेंट फलाण्यात होतं तसंच पुण्याच्या फर्ग्युसनमध्येही होतं. त्यावर मला माहीत असलेला उपाय फार मोठा नाही. उद्याचा धडा आज वाचून त्यातला एक प्रश्न वहीत इंग्रजीत लिहून न्यायचा, आणि तास सुरू झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत तो वाचून दाखवायचा. हो, वाचूनच. मत मांडायला भाषा जास्त लागते, प्रश्नाला कमी. दहा मिनिटं उलटली की जीभ जड होत जाते, म्हणून घाई. आठवड्यातून दोन तासांना एवढंच केलंस तर महिन्यात आठ वेळा तुझा आवाज वर्गाने ऐकलेला असेल. मैत्रीची सुरुवात बहुधा ‘तू मघाशी विचारलंस ते मलाही कळलं नव्हतं’ इथून होते. डब्यातल्या कोंडाजी चिवड्याने होते असंही सांगतात. चिवडा जरूर ने, पण सगळा भार त्याच्यावर टाकू नकोस.

आणि आता सिस्टर.

मी चाळीसेक वर्षांपूर्वी मुंबईत सिस्टरांच्या एका वसतिगृहात दोन वर्षं काढली. दाराशी टेबल, टेबलावर जाड रजिस्टर, रजिस्टरला सुतळीने बांधलेलं पेन. सुतळी इतकी आखूड की सही करायला वाकावंच लागे. वॉर्डन सिस्टर आमची पत्रं उघडून वाचायच्या. माझ्या भावाने लिहिलेलं एक पत्र त्यांनी ‘मुलाचं अक्षर’ म्हणून चार दिवस अडवून ठेवलं होतं. त्याच वर्षी मला कावीळ झाली. घरून कोणी पोचेपर्यंत पाच रात्री त्या माझ्या खाटेशी स्टुलावर बसून होत्या, वाटीतला मऊ भात चमच्याने भरवत, मध्येच जपमाळ ओढत. मला पुष्कळ दिवस कोडं पडलं होतं की यातल्या खऱ्या सिस्टर कोणत्या. दोन्ही खऱ्या होत्या. पत्रांबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही, आणि कावीळ आठवली की अजून डोळे भरतात. अशा संस्थांत काळजी आणि पहारा एकाच दारातून आत येतात. विद्यार्थी हा नुसता रोल नंबर नाही, पूर्ण माणूस म्हणून त्याची चौकशी करायची, ही त्यांची जुनी शिकवण आहे. तुझा मेंटॉर, रात्रीचं ‘जेवलीस का’, तासाला गैरहजर राहिलं की येणारा फोन, सगळं तिथूनच येतं. घरून सुटून आलेल्या अठरा वर्षांच्या मुलीला ते नकोसं होणारच. आईने विचारलं तर राग येत नाही का?

तेव्हा दोन्ही वेगळं करून घे. ‘जेवलीस का’ला ‘हो, पण भात जात नाही’ असं उत्तर दे. बघ काय होतं, कदाचित आठवड्यातून दोनदा पोळी दिसेल. साडेसातच्या दाराशी मात्र भांड, फक्त नियमाने. तक्रार ‘मला स्वातंत्र्य हवं’ अशी मांडलीस तर तिथेच संपेल. ग्रंथालय कितीपर्यंत उघडं असतं ते बघ. ते दारानंतर बंद होत असेल, तर मुलींना फीचा मोबदला मुलांपेक्षा कमी मिळतोय, हे कागदावर मांड आणि पाचसहा जणींच्या सह्या घे. त्यात तिथल्या कॅथलिक मुलींच्या हमखास मिळतील, दार त्यांच्यासाठीही साडेसातलाच बंद होतं. ऐकलं नाही तर यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते, तिच्यावर लोकपालही असतो. तिथवर जायची वेळ बहुधा येत नाही, पण तो रस्ता ठाऊक असलेला बरा.

हेच बाबांना सांगायचं. त्यांनी ‘शिस्त’ नावाची वस्तू विकत घेतली आहे आणि त्यात काय-काय आलं हे पाहिलेलं नाही. मुलगी साडेसातला आत आहे एवढ्याने ते निश्चिंत होतात, ती एकटी जेवते हे त्यांना माहीत नाही. ते सांग. (इतर पालकांनाही एक विनंती : घरी न ऐकणाऱ्या पोराला वळण लागावं म्हणून फादरांकडे धाडायची पद्धत आता पुरे. त्यांनीही विद्यापीठ शिकवण्यासाठी काढलं आहे.)

मग परत यायचं की नाही? नाशिकला परत येण्यात कमीपणा काही नाही. घरचं जेवण, निम्म्याहून कमी खर्च, आपली भाषा, मानसशास्त्र इथेही शिकता येतं. पण आत्ता, जानेवारीत, येऊन हाती काय लागणार? इथले प्रवेश जूनशिवाय उघडत नाहीत. आता सोडलंस तर अर्धं वर्ष वाया आणि पाच महिने घरी बसून मावशीचं ऐकायचं. दुसरं सत्र पुरं केलंस तर वर्षभराचे क्रेडिट (श्रेयांक) तुझ्या अकॅडमिक बँकेत, म्हणजे श्रेयांकांच्या ऑनलाइन खात्यात, जमा राहतील आणि इथल्या कॉलेजाने मान्य केले तर दुसऱ्या वर्षात सामावून घेता येईल. ‘मान्य केले तर’ हे महत्त्वाचं. विषय जुळले नाहीत तर कॉलेज नकार देऊ शकतं, म्हणून तिथलं सोडण्याआधी इथल्या प्राचार्यांकडून लेखी घे. मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवायला किंवा पूर्ण अभ्यासक्रमाची फी एकदम मागायला यूजीसीने मनाई केली आहे, हेही लक्षात असू दे. मधला मार्गही आहे : दुसऱ्या वर्षी विद्यापीठ तेच, वसतिगृह सोडून दोघी-तिघींनी मिळून बाहेर खोली. माझा कल तिकडे आहे, पण भाडं बाबांना परवडतं का ते तुम्ही बघायचं.

यातून एकच गोष्ट मी वगळते. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, जगणं नको असे विचार येत असतील, तर सत्र-क्रेडिट सगळं बाजूला ठेव आणि आजच आईला सांग. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो. पत्रावरून तसं वाटलं नाही, तरी विचारून ठेवते.

यंदा अशा विद्यापीठांचे फॉर्म भरणाऱ्यांसाठी थोडं. कॅथलिक म्हणजे सगळं एकसारखं नसतं. आपण तर चर्च दिसलं की सगळे एकाच माळेत ओवतो. शरणपूर वसवणारे मिशनरी प्रोटेस्टंट होते आणि बाळ येशूचं देवस्थान कॅथलिक, हे रोज दोन्हींवरून जाणाऱ्या नाशिककराला ठाऊक नसतं. तसंच यांचे धर्मसंघही वेगवेगळे. मुंबईचं सेंट झेवियर्स १८६९ पासूनचं, जेझुइटांचं. बंगळुरूचं ख्राइस्ट हे १९६९ चं कॉलेज, २००८ मध्ये अभिमत विद्यापीठ झालं, आणि ते चालवणारा सीएमआय (कार्मेलाइट्स ऑफ मेरी इमॅक्युलेट) हा धर्मसंघ केरळात १८३१ मध्ये स्थापन झालेला. शहर वेगळं, संघ वेगळा, म्हणून वातावरण वेगळं. माहितीपत्रकातले हसरे फोटो बघू नका. विद्यार्थी नियमपुस्तिका मागवा आणि हजेरीचा टक्का, वसतिगृहाच्या दाराची वेळ, सणांच्या सुट्ट्या शोधा. दुसऱ्या वर्षातल्या, ख्रिस्ती नसलेल्या एखाद्या मुलाला गाठून विचारा, रविवारी काय करतोस. राखीव जागेच्या भरवशावर असाल तर विशेष जपा : कलम १५(५) मुळे अल्पसंख्याक संस्थांना त्या सक्तीतून सूट आहे. राज्याबाहेरच्या खासगी संस्थेत आपली शिष्यवृत्ती चालते का, हे फी भरण्याआधी समाजकल्याणच्या कार्यालयात जाऊन विचारायचं, नंतर नाही.

तू जानेवारीत मनमाडहून कर्नाटक एक्सप्रेस पकडशील असं मी धरून चालते. मार्चअखेर पुन्हा लिही. हजेरीचा टक्का, दाराची नवी वेळ झाली असेल तर ती, आणि आठवड्यातून किती वेळा कोणाबरोबर जेवलीस, एवढं त्यात असू दे. नाशिकच्या प्रवेशाचं आपण त्यानंतर बोलू.